खांबाचा फोटो

सावलीचा एवढा दुस्वास अख्ख्या रायगड जिल्ह्यात कोणी केला नसेल, जेवढा आमचे रोह्याचे व्याही करतात. माणसं पालीला घाबरतात, सापाला घाबरतात, बायकोला घाबरतात, ते मी समजू शकतो. पण कोणाच्या नाकाखाली पडलेल्या बोटभर सावलीने ज्याला जेवण गोड लागत नाही, असा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही. एक आहे तोच पुरे झाला. रोह्याला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टच्या फोटोपासून साखरपुड्यापर्यंत सगळं तिथे होतं. फोटो घ्यायला त्यांना क्षणभर लागतो, मग त्यातली सावली घालवायला तीन आठवडे. कॉम्प्युटरवर कुठलंसं सॉफ्टवेअर आहे, त्यात सावल्यांसाठी एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की काळोखात दडलेलं सगळं उजेडात येतं. ती पट्टी डावीकडेही सरकते, पण हे व्याह्यांना आजवर कोणी सांगितलेलं दिसत नाही.

माझा राग समजायचा तर आधी माझा धंदा कळायला हवा. पेणला आमच्या आळीत माझा गणपतीचा कारखाना आहे आणि माझं पोट सावलीवर चालतं. हसू नका, खरं सांगतोय. मूर्ती साच्यातून निघते तेव्हा ती नुसती पांढरी माती असते. सोंडेच्या वळणाखाली, कानामागे, पोटाच्या घडीत, बोटांच्या मधे स्प्रे गनने हलका गडद रंग फिरवला, म्हणजे आमच्या भाषेत शेडिंग केलं, की सोंड पोटापासून सुटी होते आणि देव तुमच्याकडे बघायला लागतो. तर लेकीचं लग्न ठरलं त्या वर्षी व्याही आपणहून म्हणाले, ‘व्याही, औंदा तुमच्या मूर्तींचे फोटो मी काढतो. घरचं काम हाय.’ मी भोळा माणूस, हुरळलो. त्यांनी दोन दिवस माझा कारखाना डोक्यावर घेतला, रोह्याला गेले, आणि फोटो करून थेट माझ्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकले. आधी मला दाखवावेत एवढंही सुचलं नाही! सकाळपासून फोन सुरू. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, ‘अहो, आम्हाला मूर्ती हवी होती, तुम्ही कॅलेंडर पाठवलंत.’ सोंड कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं याचा पत्ता नाही. माझी महिनाभराची मेहनत त्या गृहस्थांनी एका बोटाने पुसली होती. बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी मी नशीब म्हणालो असतो. मूर्तीमागचा काळोख उजळल्यामुळे कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यातली दोरी स्वच्छ दिसत होती, दोरीवर माझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वाळत होती, आणि चड्डीचं भोकसुद्धा दिसत होतं. दुबईच्या गिऱ्हाइकाने त्या भोकाभोवती लाल गोल करून फोटो परत पाठवला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. फोन केला तर व्याही आनंदाने म्हणाले, ‘बघा, डिटेल किती मिळालंय!’

मुलीचा बाप म्हणजे बोलायची चोरी. मी गिळलं. पण माणसाने गिळावं तरी किती? या माणसाला फोटो दाखवायची सोय नाही. मावळतीचा पाठवावा तर परत भर दुपार येते. दिवाळीत अंगणातल्या पणतीचा पाठवला. त्यातला काळोख काढून टाकल्यावर ती पणती कोणीतरी सकाळी विझवायला विसरल्यासारखी दिसायला लागली. माझ्या बायकोने गुडघ्याचा एक्स-रे घरच्या ग्रुपवर टाकला, लेकीने बघावा म्हणून. अर्ध्या तासात व्याह्यांनी तो उजळून परत पाठवला. हाड गायब! खाली लिहिलं होतं, ‘आता बरा वाटतोय गुडघा.’ धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या एका कामगाराचा पासाचा फोटो त्यांनी इतका लख्ख केला की गेटवरचा वॉचमन त्याला म्हणाला, हा तू नाहीस. त्या बिचाऱ्याने हेल्मेट काढून मोबाइलचा टॉर्च स्वतःच्या तोंडावर मारला, तेव्हा त्याला आत सोडलं. घरीही तेच. पाहुणा आला की पंख्याखाली नाही, खिडकीत बसवायचा, तोही उन्हाकडे तोंड करून. मी पहिल्यांदा सोयरीक बोलायला गेलो तेव्हा दीड तास डोळे किलकिले करून बसलो होतो. विहीणबाईंना वाटलं, मला स्थळ पसंत नाही. त्या बाईची मात्र कमाल आहे. चहा गाळता गाळता शांतपणे सांगतात, ‘माझ्या डोळ्यांखालचं काळं काढलं यांनी फोटोतनं, आणि मला म्हणतात, बघ, झोप झाली तुझी.’

आता एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझ्यावर देव कोपेल. नागोठण्याची एक बाई लेकीला घेऊन स्थळासाठी फोटो काढायला आली होती. मी योगायोगाने तिथेच, उन्हाकडे तोंड करून बसलेलो. फोटो झाला, कॉम्प्युटरवर आला, व्याह्यांनी पट्टी सरकवली आणि त्या पोरीचे डोळे, हनुवटी, गळ्यातली बारीक साखळी, सगळं छान वर आलं. बाई म्हणाली, ‘आता जरा गोरी करा तिला.’ व्याही म्हणाले, ‘सावली काढली ना.’ ‘सावली नाय वो, पोरगी उजळ करा.’ व्याह्यांनी माऊसवरचा हात काढला. म्हणाले, ‘काळोख काढायचं काम माझं. रंग तिचा हाय, त्याला मी हात लावणार नाय.’ बाईने बरंच सुनावलं, पलीकडच्या गल्लीत कसं पाच मिनिटांत करून देतात तेही सांगितलं. व्याहीही इरेला पेटले. ‘मग तिकडंच जा! उद्या बघायला आलेल्या पोराने विचारलं, फोटोतली पोरगी कुठं हाय, तर काय सांगशील गो?’ बाई लेकीला ओढत निघून गेली. पोरगी जाताना दारात वळून हसली, आणि ते हसू घ्यायच्या आत ती गेली म्हणून व्याही संध्याकाळपर्यंत हळहळत होते. रोह्यातली निम्मी गिऱ्हाइकं त्यांनी अशीच घालवली आहेत.

आता माझ्या दादाकडे यायला हवं, कारण खरं दुखणं तिथे आहे. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आळीत माझ्या कारखान्याच्या बरोबर समोर त्याचा कारखाना, मधे रिक्षा जेमतेम जाईल एवढा रस्ता. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, मला त्यानेच शिकवलं. त्याच्यासारखा डोळा पेणमध्ये आजही कोणाला जमत नाही, हे मी त्याच्यावर चिडलेलो असतानाही म्हणत आलोय. कुंचला कायम कानामागे. जेवताना, बँकेत, तेराव्याच्या जेवणात, सगळीकडे. पण मी स्प्रे गन आणली आणि आमचं फाटलं. दादाचं म्हणणं, देवाची सावली पडत नाही, मग देवाच्या अंगाला ती फासणारा तू कोण? भर गिऱ्हाइकांत तो म्हणाला, ‘ह्यो गणपती हाय का कोळशाच्या वखारीतनं आलाय?’ मग मीही म्हणालो, ‘तुझा तर ताटलीवर सोंड काढल्यासारखा दिसतो.’ आधी तो म्हणाला होता, हे नीट लक्षात ठेवा. ‘तुझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाय,’ असं बोलून दादा जो गेला तो गेला. वहिनी गेल्यापासून तो एकटाच असतो, तरी ताठा तसूभर कमी नाही. म्हणजे माझं नशीब बघा! समोर सख्खा भाऊ सावलीचा वैरी, आणि पोरीसाठी घर शोधत रोह्याला गेलो तर तिथे व्याही मिळाले तेही सावलीचेच वैरी.

लग्नाचं आमंत्रण द्यायला मी आणि बायको जोडीने दादाच्या दारात गेलो. आमच्याकडे पत्रिकेबरोबर हातावर अक्षता देतात. बायकोने तांदूळ कुंकवात चांगले लालभडक भिजवले होते. दादा मूर्तीचा हात जोडत होता, त्याने स्वतःचा हात काही पुढे केला नाही. मी म्हणालो, ‘दादा, तुझ्या मांडीवर बसून रंग चाटायची ती पोरगी. तिचं लग्न आहे.’ दादा मूर्तीवरून नजर न हलवता म्हणाला, ‘उजेड अडतोय, बाजूला हो.’ मी पत्रिका आणि अक्षता त्याच्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि निघालो. रस्ता ओलांडून घरात आल्यावर बायकोने अर्धा तास मला आणि दादाला एकत्रच शिव्या दिल्या.

लग्न रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, एका हॉलमध्ये, गोरज मुहूर्तावर होतं. मुलाच्या बापाने फेटा बांधून पुढे मिरवायचं, लोकांचे नमस्कार घ्यायचे. आमच्या व्याह्यांनी फेटा मेहुण्याच्या डोक्यावर ठेवला आणि कॅमेरा गळ्यात घातला. बाहेरचा फोटोग्राफर का नाही? तर ‘तो सावल्या ठेवतो.’ मोबाइलच्या फ्लॅशने सावल्या पडतात म्हणून त्यांनी माइकवरून सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावले. हॉलमध्ये वाटायच्या अक्षता पिवळ्याच हव्यात, लाल अजिबात नकोत, असा आठ दिवस आधी निरोप. का, तर लाल दाणे फोटोत काळे येतात. वाटल्या बाबा आम्ही पिवळ्या, एकूण एक हळदीच्या. नवरीच्या चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून अंतरपाट त्यांनी मलमलीचा आणला होता. त्याच्यातून नवरानवरी एकमेकांना इतकी स्पष्ट दिसत होती की भटजी म्हणाले, ‘मग हा धरायचा तरी कशाला? दोघांना गप्पा मारू द्या.’ शेवटी तो चौपदरी दुमडला तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली. मी मात्र मधून मधून हॉलच्या दाराकडे बघत होतो. दादा येणार नाही हे ठाऊक होतं, तरी मान आपोआप तिकडे वळत होती. भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, वाजंत्री कडाडली, अंतरपाट बाजूला झाला, लेकीने मान वर करून हार उचलला, आणि त्या क्षणी आमच्या व्याह्यांनी काय करावं? नवरानवरीकडे पाठ फिरवली! पोटच्या पोराच्या गळ्यात हार पडतोय आणि हा माणूस हॉलच्या मागच्या खांबांवर कॅमेरा रोखून उभा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पाठवणीच्या वेळी लेक माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी एवढंच म्हणाली, ‘काका नाय आला ना?’ तिचं पहिलं पाऊल दादाच्या कारखान्यात पडलेलं, ओल्या रंगात, त्या पावलाचा ठसा दादाने कितीतरी वर्षं फरशीवरून पुसू दिला नव्हता. एवढा जिव्हाळा होता तर मेल्याने एक दिवस हट्ट बाजूला ठेवला असता! रोज सकाळी कारखान्याचं दार उघडलं की समोर दादा दिसायचा, आणि रोज सकाळी माझं रक्त उकळायचं.

त्यात अल्बम आला. मी चष्मा लावून, हात धुऊन, बायकोला शेजारी बसवून उघडला. हळद झाली, गौरीहार झाला, मंगलाष्टकं झाली, पान उलटलं, आणि हार घालतानाच्या पानावर एक खांब. नुसता खांब, आणि त्याच्यामागे डांबरासारखा काळोख. मी तिथल्या तिथे फोन लावला. ‘व्याही, हे काय?’ ‘खांब.’ ‘तो मलाही दिसतोय. हाराच्या पानावर खांब कशाला?’ ‘तिकडं काळोख फार होता हो. काहीतरी हलल्यासारखं वाटलं.’ ‘मग?’ ‘मग राहवलं नाय.’ अरे, राहवलं नाही म्हणजे? माझी एकुलती एक लेक! मी फोन आपटला. मोबाइल जमिनीवर आपटणं परवडत नाही म्हणून उशीवर आपटला, पण आपटला.

तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. मी बोलत नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. ते खांबाच्या मागे लागले होते. एवढा गडद काळोख एकदम उजळला तर फोटोभर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात म्हणे. म्हणून ते त्याला थोडं थोडं, बोटभर बोटभर उजळत होते. आणि प्रगती मला फोन करून कळवत होते. मी नुसतं ‘हं’ म्हणायचो. ‘व्याही, खांबाच्या मागनं बादली निघाली.’ हं. ‘व्याही, आज खुर्च्यांची चळत निघाली. लाल हायत.’ हं. पावसाळा लागला, माझ्याकडे कामाची झुंबड, हात रंगात, आणि फोन वाजतोय. ‘चपला निघाल्या.’ मी म्हणालो, ‘अहो, हॉलच्या मागे चपला नाही तर काय मुकुट निघणार?’ त्यांनी ऐकून घेतलं. चार दिवसांनी पुन्हा फोन. आवाज जरा वेगळा होता. ‘व्याही, चपलांत पाय हायत.’

श्रावण होता. दुसऱ्याच दिवशी गृहस्थ न कळवता पेणला हजर. लॅपटॉप आधी विहीणबाईंच्या जुन्या लुगड्यात आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. मी तोंड फिरवून शेडिंग करत राहिलो. त्यांनी दोन मूर्तींच्या मधे पाट मांडला, त्याच्यावर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाले, ‘ह्यो माणूस आमच्याकडचा नाय. सगळ्यांना विचारून झालं. तुमच्याकडचा हाय का बघा.’ व्याह्यांनी दादाला कधी पाहिलेलंच नव्हतं; ते माझ्याकडे फोटो काढत होते ते दोन्ही दिवस दादाने समोरचं दार लावून घेतलं होतं. सोयरीक झाली ती आमचं फाटल्यानंतर. मी मान वळवली. खांबाच्या मागे, खुर्च्यांच्या चळतीला टेकून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एक माणूस उभा होता. तोंड अर्धं खांबाआड. दिसत होता तो एक कान, आणि त्या कानामागे कुंचला. लग्नालासुद्धा कुंचला! त्याचा उजवा हात डोक्याच्या वर गेला होता, बोटं उघडलेली, आणि बोटांच्या पुढे हवेत पाच-सहा दाणे. व्याह्यांनी तेवढाच भाग मोठा करून दाखवला. दाणे लाल होते.

अख्ख्या हॉलमध्ये लाल दाणा नव्हता. लाल अक्षता फक्त आम्ही दारोदार वाटलेल्या, आणि दादाच्या उंबऱ्यावर मी माझ्या हाताने ठेवून आलो होतो. म्हणजे हा माणूस त्या उचलून, जपून, खिशात घालून, एसटी धरून एकटा रोह्याला गेला. कोणी बघू नये म्हणून खांबामागे उभा राहिला. तिथून, एवढ्या लांबून, पुतणीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. त्या पोचणार नव्हत्या, तरी टाकल्या. आणि न जेवता परत आला! माझ्या लेकीच्या लग्नातून माझा सख्खा भाऊ उपाशी परत गेला! मला रडू आलं आणि रडतारडता इतका राग आला की हातातली स्प्रे गन दाबली गेली आणि समोरच्या गणपतीचं एक कोपर जांभळं झालं. व्याही म्हणाले, ‘जरा बाजूला व्हा, स्क्रीनवर तुमची सावली पडतेय.’ मग त्यांनी मला स्वतःचा रुमाल दिला. तो ते कॅमेऱ्याची काच पुसायला ठेवतात आणि घरच्या माणसालाही हात लावू देत नाहीत.

मी लॅपटॉप उचलला आणि तसाच रस्ता ओलांडला. व्याही मागोमाग, वायर सांभाळत. दादाच्या पुढ्यात ठेवून म्हणालो, ‘हे कोण?’ आमंत्रणाच्या दिवसानंतर मी त्याच्याशी बोललेला पहिला शब्द, तोही वसकन. दादाने चष्मा कपाळावरून खाली घेतला, बराच वेळ बघितलं. ‘मी नाय.’ ‘कानामागे कुंचला आहे.’ ‘पेणात निम्म्या लोकांच्या कानामागं असतो.’ ‘आणि त्या अक्षता?’ दादाने कानामागचा कुंचला काढला, पुसला, परत ठेवला. मग माझ्याकडे न बघता, व्याह्यांकडेही न बघता, हळूच म्हणाला, ‘पोरीने मान वर केली तेवढ्यात तो मेला खांब मधे आला. दिसलंच नाय मला. हसत होती का रडत?’

व्याही लॅपटॉपवर वाकले, भराभर फोटो पुढे सरकवायला लागले. मंगलाष्टकं आली, अंतरपाट आला, आणि खांब आला. ते थांबले. त्या बोलघेवड्या माणसाचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता. म्हणाले, ‘दादा, त्या वेळचा तिचा फोटो नाय माझ्याकडं. त्या वेळी मी तुमचा काढत होतो.’

मग मीच सांगितलं. मी समोर होतो ना. म्हणालो, ‘आधी हसली. मग हार घालताना रडली. मग नाक पुसलं शालूच्या पदराने आणि आईने डोळे वटारले.’ दादा म्हणाला, ‘लहानपणी पण पदरानेच पुसायची, माझ्या धोतराच्या.’ आणि तो हसला. मी पुढे काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर भांडण झालं असतं. जेवून का नाही गेलास, हेच पहिलं विचारलं असतं.

व्याही रात्री आमच्याकडेच राहिले. सकाळी उघडीप होती, कोवळं ऊन आळीत उतरलं होतं. दादा माझ्या दारासमोर, रस्त्यात येऊन उभा. ‘एक मूर्ती बाहेर आण.’ मी म्हणालो, ‘आत ये की.’ ‘एकदा बोललोय ना मी?’ ‘माझ्या मूर्ती शेडिंगवाल्या आहेत.’ ‘आण गपचीप, कसली पण.’ मी ती जांभळ्या कोपराचीच आणली, कोपर रात्री दुरुस्त केलं होतं. उंबऱ्याच्या बाहेर पाटावर ठेवली. दादा पाठीवर ऊन घेऊन भर रस्त्यात मांडी घालून बसला, कानामागचा कुंचला काढला आणि डोळे आखायला लागला. एक रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला आणि खाली उतरून स्वतःच बघत उभा राहिला. आमचे व्याही कॅमेरा घेऊन गोल गोल फिरत होते. ‘दादा, जरा डावीकडं. तुमची सावली पडतेय.’ दादा मान न हलवता म्हणाला, ‘देव डोळे उघडतोय, तुम्ही तोंड मिटा.’ सावलीचे दोन वैरी एकमेकांवर गुरगुरताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! डोळे झाल्यावर दादाने पापणीखालचं माझं शेडिंग निरखलं. ‘हितं बरं दिसतंय,’ म्हणाला. ‘बाकी वखारच हाय.’

आठवडाभराने व्याह्यांनी तो फोटो पाठवला. मी चिडायच्या तयारीनेच उघडला. दादाचं वाकलेलं डोकं, गणपतीचा अर्धा उघडलेला डोळा, आणि दादाची सावली. चांगली लांबलचक, काळीभोर. ती मूर्तीच्या बाजूने माझ्या उंबऱ्यावर चढली होती आणि आत, थेट रंगाच्या डब्यांपर्यंत पोचली होती. मी फोन लावला. ‘व्याही, एडिटिंग राहिलंय याचं.’ ‘नाय, केलंय.’ ‘अहो, सावली आहे तशीच आहे!’ मग म्हणाले, ‘ती नाय काढली. इतक्या वर्षांनी घरात आलीय, तिला कशाला घालवू?’

दादाने अजून माझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवलेला नाही, हट्टी तो हट्टीच. पण हंगामात आखणी आता रस्त्यातच चालते, उघडीप बघून, सकाळच्या उन्हात. तो येऊन बसायच्या आधी मी दारातले रंगाचे डबे थोडे मागे सरकवून ठेवतो. त्याच्या सावलीला जागा लागते.